शेवटी पाहिलेली तार

तानीला जाऊन आठ दिवस झाले, तरी कुंडलिकच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायाबापड्या यायच्या, ओसरीवर बसायच्या, पदर डोळ्याला लावायच्या आणि रडं ओसरलं की चोरून त्याच्याकडे बघायच्या. तो आपला भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात पालथे टाकून बसलेला. पाणी दिलं तर प्यायचा. ऊठ म्हटलं तर उठायचा. दगड नव्हता हो माणूस. सोमाबुवांच्या कीर्तनात मागे टाळ घेऊन उभा राहिला की नुसत्या नामाच्या गजरानं ज्याचा गळा दाटायचा, त्याला दगड कोण म्हणेल? पण दुःखाचंही एक अंग असं असतं. ते घरात शिरतं आणि दाराला आतून कडी घालतं. बाहेरच्यानं किती ठोठावलं तरी काय उपयोग?

सन त्रेचाळीसचा फाल्गुन. मुरबाडात तेव्हा राघोशेठची एकच सर्विस मोटार होती. टोकावड्याहून निघायची, मुरबाडावरून कल्याणला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत. लढाईमुळे पेट्रोल दिसेनासं झालेलं, म्हणून शेठनं मोटारीच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवून घेतली होती. भट्टीत कोळसा पेटवायचा, त्याचा धूर नळ्यांतून गाळून इंजिनाला पाजायचा, की मोटार खोकत खोकत का होईना, चालायची. चालवायला लडकू. आणि तिच्या पोटातलं सगळं दुखणंखुपणं बघायला मिस्त्री म्हणून कुंडलिक.

झालं होतं ते असं. कुंडलिकची बायको तानी चार दिवस टोकावड्याला आईकडे गेली होती. सकाळी गुरांसाठी पेंढा उपसायला तिनं उडवीत हात घातला आणि आत घोणस बसलेली. मनगटाच्या वर दोन दात. तिच्या आईनं, जिवलीबाईनं, आरडाओरडा करून मोटार अडवली. लडकूनं टपावरच्या भाजीच्या पाट्या सरळ रस्त्यात उतरवल्या, उतारूंना खाली घेतलं आणि मायलेकींना बसवून मोटार सोडली. कल्याणच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची सुई मिळते, एवढं त्याला ठाऊक होतं. मुरबाडपर्यंत मोटार वाऱ्यासारखी आली. पुढे रायत्याच्या पुलाच्या अलीकडे एक हिसका देऊन जी बंद पडली, ती दोन तास हलली नाही. दोन तासांनी चालू झाली. पण म्हारळ मागे पडायच्या आतच तानीनं मान टाकली.

कुंडलिक त्या दिवशी शहापुरात होता.

मोटार का बंद पडली, हे गावानं कोणालाही न विचारता ठरवून टाकलं. भट्टीच्या मोटारीचं एकच दुखणं गावाला माहीत. कोळसा ओला असला की धूर मरतो, धूर मेला की मोटार मेली. मग लडकूनं ओला कोळसा का भरला? कोणी म्हणालं, सुका टोकावड्याच्या चहावाल्याला दिला असेल. तिसऱ्याच्या तोंडी जाईपर्यंत त्या ‘असेल’चं ‘दिला’ झालं. पाणवठ्यावर पोरं लडकूला ऐकवायची, काय रे लडकूशेठ, कोळसा नदीत धुऊन घालतोस का? जिवलीबाई तर लेकीच्या घराच्या ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगायची, की माझ्या डोळ्यांदेखत तो दोन तास भट्टीत हात घालून कोळसा उपसत होता, चांगला असता तर उपसला कशाला असता?

आणि लडकू? तो ना हो म्हणे, ना नाही. राघोशेठनं त्याच्याकडून किल्ली काढून घेतली, मोटार भाताच्या कोठाराशेजारी शेडात उभी केली आणि सांगितलं, तेराव्या दिवशी निकाल. मोटारीच्या चाकाला हात लावायचा की कायमचा घरी बसायचा, ते त्या दिवशी. घरात पाच तोंडं खाणारी, आठ वर्षांची चाकरी, पण लडकूनं मान खाली घातली आणि चालता झाला. तो बोलत नाही म्हणजे खरंच आहे, असं म्हणायला गाव मोकळं झालं.

कुंडलिकच्या डोक्यात मात्र आठ दिवस एकच गोष्ट होती. तिला दुःख म्हणता येईना, राग म्हणता येईना. नुसती एक तार. बॅटरीकडून इंजिनाला ठिणगी पोचवणारी, हातभर लांबीची तार.

मोटारीतल्या तारा म्हणजे कुंडलिकचा जीव की प्राण. लोखंडाला टेकलेली तार आज ना उद्या घात करणार, असं तो म्हणायचा. हादऱ्यानं घासत घासत तिची कातडी जाते, आणि उघडी तार लोखंडाला लागली की ठिणगी भलतीकडे पळते. म्हणून जिथे तार पत्र्याच्या भोकातून जाई, तिथे तो चांभाराकडून कापून आणलेली चामड्याची चकती बसवायचा. तळाखालून मागच्या दिव्याला जाणारी तार त्यानं बारीक कळकाच्या नळीत घातली होती. तापल्या नळ्यांपासून वीतभर लांब, आणि वळणावर थोडी ढील, म्हणजे धक्क्यानं ताण बसू नये. कल्याणचे मिस्त्रीसुद्धा बॉनेट उघडून बघायचे आणि मान डोलवायचे.

तारेच्या अंगावर मुळात रबर आणि वरून सुताचं विणकाम असतं. भट्टीच्या तापानं ते रबर तडकून गळून पडायला लागलं. बाजारात रबरी पट्टी औषधाला मिळेना, सगळं रबर लढाईवर. मग कुंडलिक जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून, मेणात बुडवून तारांना गुंडाळू लागला. मेण रानातून यायचं. सिद्धगडाच्या अंगाची ठाकरं मधाची पोळी काढून आणायची. पण त्या साली थंडीपासून रानात भूमिगतांच्या शोधात पोलिसांचा वावर, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती, त्यामुळे मेण घेऊन कोणी खाली उतरलंच नाही. महिनाभर वाट बघितली आणि शेवटी त्यानं घरातलं मोहाचं तेल घेतलं. थंडीत थिजून तुपासारखं घट्ट होतं, कापडात छान मुरतं, पाणी धरत नाही. त्यात थोडी राळ वितळवली की झालं.

तेल जिवलीबाईच्या घरचं. पट्ट्या गुंडाळल्या तानीनं. तिची बोटं बारीक. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून असा काही बसवायची, की कुंडलिकला हात लावायला जागा राहत नसे. गुंडाळता गुंडाळता एकदा ती म्हणालीसुद्धा, की या तेलाची वात रात्री देवापाशी ठेवली की सकाळी उंदरानं नेलेली असते. तो हसला आणि म्हणाला, मोटार काय देव्हारा हाय का?

पण मोटार उभी राहायची भाताच्या कोठाराशेजारी.

हे त्याला नंतर, हळूहळू डाचू लागलं होतं. म्हणूनच तर तो शहापूरला गेला होता. आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात रबरी पट्टीचं एक रीळ शिल्लक आहे, असं कानावर आलं, म्हणून पहाटे उठून किन्हवलीच्या वाटेनं निघाला. रीळ मिळालं. ते खिशात घालून परत येतो, तर दारात माणसं उभी.

तपासायचं म्हटलं तर शेड हाकेच्या अंतरावर. पण सुतक. घरात मरण झालं की तेराव्याचं गोड जेवण होईपर्यंत आपल्या धंद्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, ही गावाची रीत. शेतकरी कुदळ धरत नाही, न्हावी वस्तरा धरत नाही. तेराव्याला जेवणं उरकली की चार वडीलधारी माणसं मिळून त्याला नेतात, हत्याराला हात लावायला लावतात, आणि मग तो कामाचा. मोटारमिस्त्र्याचं हत्यार कोणतं, हा प्रश्न गावाला पहिल्यांदाच पडला होता. राघोशेठनं सोडवला. म्हणाला, मोटारच. तिचं बॉनेट उघडायचं, नारळ फोडायचा आणि कुंडलिकच्या हातात पाना द्यायचा.

नवव्या दिवशी शेठ स्वतः ओसरीवर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, की बाबा रे, बायको तुझी गेली, मोटारीतलं तुला कळतं, तेव्हा तुझा शब्द शेवटचा. कोळसाच ना? कुंडलिक समोरच्या तुळशीकडे बघत राहिला. बोलायचं होतं की नव्हतं, हेही त्याला कळत नव्हतं. जीभ तोंडात कोणीतरी ठेवून गेल्यासारखी पडून होती. शेठनं थोडी वाट बघितली, मान हलवली आणि उठला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की कुंडलिकनंही कोळसाच म्हटलं.

हे ऐकूनही लडकू आला नाही, भांडला नाही.

तेराव्याला सोमाबुवा किन्हवलीहून चालत आले. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्याला वीणा. त्या वाटेनं मोटार जातच नव्हती, मग काय करणार? बुवांचा स्वभाव असा, की दुःखाच्या घरी उपदेशाचा एक शब्द काढायचे नाहीत. जेवणं झाली, तसं त्यांनीच कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पुढे घातलं. मागून राघोशेठ, चार म्हातारे, जिवलीबाई आणि अर्धं गाव. शेडाच्या दाराशी चपलांच्या ढिगाजवळ लडकू उभा होता. त्याला कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एवढंच दिसलं, की त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते आणि त्याच्या तांबड्या फेट्याचा शेमला आखूड झाला होता.

शेठनं नारळ फोडला. बॉनेटची एक बाजू वर केली. बुवांनी पाना उचलून कुंडलिकच्या हातात दिला आणि म्हणाले, “लाव हात, बाळा.”

आत तेलाचा जुनाट वास. कुंडलिकची नजर दुसरीकडे कुठे गेलीच नाही. चामड्याची चकती जागच्या जागी होती. ढीलही बरोबर होती. चकतीच्या अलीकडे, तानीच्या हातचे वेढे एकामागून एक सरळ येत होते, आणि मध्येच चार बोटं जागा कुरतडलेली. काठाला बारीक दातांच्या खुणा, तळाला उंदराच्या लेंड्या. आणि त्या चार बोटांवर, घाईघाईनं, वेडीवाकडी गुंडाळलेली एक तांबडी चिंधी.

तो किती वेळ तसाच वाकून उभा होता, कोण जाणे. म्हाताऱ्यांपैकी कोणी खाकरलं. राघोशेठ म्हणाला, रीत झाली, आता सगळ्यांसमोर एकदा सांगून टाक, म्हणजे मीही मोकळा. किल्ली त्यानं मुठीत धरलेली होती.

कुंडलिकनं लडकूकडे बघितलं. लडकूनं अगदी थोडी मान हलवली. नको, अशी.

तेरा दिवसांत कुंडलिक स्वतःहून पहिल्यांदा बोलला. “कोळसा सुका होता.”

शेडात कुजबूज झाली. त्यानं पुढचं एका सुरात सांगितलं, जसं कोणी दुसऱ्याच्या गावची हकीकत सांगावी. मेण नव्हतं म्हणून तारेला मोहाचं तेल लावलं. तेलाला उंदीर लागला. तार उघडी पडली, हादऱ्यानं पत्र्याला टेकली, ठिणगी मेली. तेल लावायचं मी ठरवलं. उंदीर लागेल हे मला सांगितलेलं होतं, मी ऐकलं नाय. लडकूनं वाटेत तार शोधली, आपला फेटा फाडून बांधली, म्हणून मोटार म्हारळपर्यंत तरी गेली. त्याचा काय दोष नाय.

तेल कुठून आलं, ते त्यानं सांगितलं नाही. गुंडाळलं कोणी, तेही नाही.

पण जिवलीबाई काही दूधखुळी नव्हती. ती माणसं बाजूला सारत पुढे आली, बॉनेटमध्ये वाकली. लेकीचा हात आईला ओळखू येत नाही का? वाकळेला टाका घालताना, टोपलीचा काठ बांधताना, तेच वेढे तिनंच तिला शिकवलेले. म्हातारीनं बोट पुढे केलं आणि तारेला न लावताच मागे घेतलं.

“तेल माझ्या घरचं,” ती म्हणाली. “शिंक्यावरनं मीच काढून दिलेलं.” मग लडकूकडे वळली. तोंडात तेरा दिवसांच्या शिव्या होत्या, त्यातली एकही बाहेर येईना. “तू का गप रायलास रे मेल्या? मी तुला येवढं बोलले.”

लडकू जमिनीकडे बघत म्हणाला, “काय सांगू, मामी? तुमच्या लेकीनं गुंडाळलेलीच तार उघडी पडली, हे तिच्या चितेपाशी सांगू?”

राघोशेठनं मूठ उघडली. किल्ली लडकूच्या हातात द्यायला गेला, तर भाजलेल्या हाताची मूठ नीट मिटेना, म्हणून डाव्या हातात ठेवली. मोटार परवा सोडायची, एवढं बोलून तो निघाला. बुवा शेडाबाहेर आंब्याखाली जाऊन बसले. त्यांनी वीणा लावली नाही, नुसती मांडीवर घेतली. माणसंही एकेक करून पांगली. गावाला चर्चेला दुसरं काहीतरी मिळालं होतं, आणि आपण काय काय बोललो होतो ते विसरायलाही थोडा वेळ हवा होता.

शेडात तिघंच उरली. जिवलीबाई भिंतीशी बसली. कुंडलिकनं बॉनेटची दुसरी बाजू उघडली, बॅटरीची तार सोडवली आणि तेल लावलेल्या सगळ्या तारा एकेक करून बाहेर काढायला घेतल्या. बऱ्याच वेळानं, मान वर न करता त्यानं विचारलं, “दोन तास का लागले?”

लडकू भट्टीच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला.

“आधी कोळसा बघितला,” तो म्हणाला. “सगळा उपसला, परत भरला. मग नळ्या सोडवल्या. मग गाळणी धुतली. तार शेवटी बघितली. तुझ्या हातची तार होती, कुंडलिक. ती जाईल असं मनातच आलं नाय. दुसरं सगळं जाईल, पण ती नाय.”

कुंडलिकचे हात चालू होते. लडकूचं वाक्य त्यानं ऐकलं, आणि ते आत कुठेतरी पडलं. विहिरीत खडा पडावा आणि आवाज यायला वेळ लागावा, तसं.

“ती काय बोलली?” त्यानं विचारलं.

तेरा दिवसांत हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं. सगळं गाव कोळशाबद्दल बोलत होतं. त्या दोन तासांत मोटारीच्या बाकावर एक जितंजागतं माणूस पडून होतं, ते काही बोललं असेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आज वाटलं.

लडकूनं आठवून आठवून सांगितलं. हात सुजला म्हणून बांगड्या काढायला सांगत होती, निघेनात, मग जिवलीबाईनं दगडानं फोडल्या. पाणी मागितलं, उलटलं. माझा हात भट्टीला भाजला ते बघून म्हणाली, भाऊ, बेतानं, घाई नका करू. मग विचारलं, हे शापूरहून कोणत्या वाटेनं येतील? मी म्हटलं, किनवलीवरनं. तर म्हणाली, मग बरं झालं. या रस्त्यानं आले असते तर त्यांना मोटार बंद पडलेली दिसली असती.

“आणि?”

“आणि हसली जराशी. म्हणाली, त्यांना ते आवडत नाय.”

जिवलीबाईनं पदर तोंडात धरला. कुंडलिकनं मान हलवली, जसं कोणी मापाचा आकडा सांगितला आणि त्यानं तो मनात नोंदवला. मग त्यानं ठिणगीची तार मांडीवर घेतली. लडकूची तांबडी चिंधी सोडवून बाजूला ठेवली. नवी पट्टी चढवायची तर जुने वेढे काढायला हवेत. मिस्त्री लोक अशा वेळी चाकूनं उभी चीर देतात, पाव मिनिटात तार मोकळी. त्यानं तसं केलं नाही. टोक शोधलं आणि वेढा वेढा उलटा सोडवायला लागला. अर्ध्यावर अर्धा चढवलेला प्रत्येक वेढा. राळेनं चिकटलेला, ओढला की चर्र करून सुटणारा. उन्हं शेडाच्या कौलांतून तिरपी आली, भाताचा भुसा त्यात उडत राहिला.

चामड्याच्या चकतीपाशी तिनं गाठ मारलेली होती. बारीक, कडक, तेलानं काळी झालेली. नखांनी सुटेना. कुंडलिकनं तार तोंडाशी नेली आणि गाठ दातांत धरली. मोहाचं कडवट तेल जिभेला लागलं. तो तसाच थांबला. खांदे एकदा हलले, मग पुन्हा हलले.

लडकूनं खिशातून चाकू काढला. “हा घे. काप.”

“नको,” कुंडलिक म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण ओला. “सुटंल. थोडा टाइम दे.”